बोकडाने लावलेले वळण

माळी निघून गेल्यावर ओस पडलेल्या एका बागेत एक बुलबुलीण राहत असे. बागेच्या पडक्या भिंतीवर बोगनवेल चढली होती. वेल मोठी जोरकस, पण आवरणारे कुणी नसल्यामुळे वाटेल तशी पसरलेली. वर जुन्या, वाळक्या, काटेरी फांद्यांचा गुंता माजला होता आणि त्याच्याखाली नवे कोंब उजेडासाठी धडपडत होते. बुलबुलिणीला याच वेलीत घरटे बांधायचे होते. आदल्या वर्षी तिने उघड्या डहाळीवर बांधले आणि कावळ्याने सगळी अंडी नेली. यंदा तिला एवढेच हवे होते : असा दाट पाला, की कावळ्याची नजर आत शिरणार नाही.

थंडी सरत आली तशी खार तिच्याकडे आली. "बाई, वरचं वाळलेलं मी कुरतडून पाडते. नवे कोंब भिंतीवर नीट वळवून घेऊ. चैत्रापर्यंत पाला असा दाटेल, की तुझं घरटं तुलाच सापडायचं नाही!"

बुलबुलिणीला ते पटले. पण बागेत एक म्हातारा बोकड होता आणि त्याला विचारल्याशिवाय तिथे पान हलवायची सोय नव्हती. का? तर तो सगळ्यांच्या आधी जन्मला होता. याखेरीज त्याने काही केल्याचे कुणालाही आठवत नव्हते.

"वाळलेल्या फांद्यांना कुणी दात लावायचा नाही," बोकड गुरकावला. "या भिंतीवर पहिल्यांदा चढल्या त्या त्याच. थोरल्या आहेत त्या. माजलेत ते हे कोंब! त्यांना वळण लावायला हवं, आणि ते काम माझं."

"पण आजोबा, कोंबच खुडले तर पाला कुठून येणार?" बुलबुलिणीने भीत भीत विचारले.

"काल अंड्यातून बाहेर आलीस पोरी, आणि मला शिकवतेस? मी किती वेली पाहिल्यात, ठाऊक आहे?"

"पाहिल्यात की खाल्ल्यात?" खार भिंतीवरून म्हणाली.

"जीभ आवर, खारे!"

बुलबुलिणीने मान खाली घातली. मोठ्यांनी आवाज चढवला की आपण गप्प बसायचे, हे तिला पंख फुटायच्या आधीच शिकवले होते. मुलांनो, हे तुम्हालाही शिकवले असेलच.

मग रोज सकाळी बोकड पुढचे दोन पाय भिंतीवर टेकवून उभा राही आणि तोंड पोहोचेल तिथवरचा प्रत्येक कोंब ओरबाडी. "वळण लावतोय," असे तो चावता चावता सांगे. वाळक्या फांद्यांचा मात्र तो फार आदर करी, कारण त्या त्याला चाववत नव्हत्या. चैत्र आला तेव्हा वेलीवर काड्या तेवढ्या उरल्या होत्या. अंडी काही पाला फुटायची वाट पाहत थांबत नाहीत. बुलबुलिणीने त्या उघड्या काड्यांतच घरटे बांधले. कावळ्याला शोधावेही लागले नाही. ती किंचाळली, त्याच्या अंगावर धावून गेली, पण त्याने तिच्यादेखत एकेक अंडे उचलून नेले. बोकड सावलीत रवंथ करत बसला होता. तो उठलासुद्धा नाही.

संध्याकाळी तो सांत्वनाला आला. "वेलच वाईट निघाली, पोरी. पुढच्या वर्षी आणखी कडक वळण लावू." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक हिरवा कोंब लोंबत होता. तो पुरता आत जाईपर्यंत बुलबुलीण बघत राहिली. मग ती उडाली ती थेट खारीकडे.

"पाड," ती म्हणाली. "वाळलेलं सगळं पाड."

"आणि आजोबा?"

"मी उभी आहे ना. तू पाड."

खारीने दात लावले. काटेरी फांद्या कडाकड मोडून वेलीच्या बुंध्याभोवती पडल्या, आणि दोघींनी त्या तिथेच राहू दिल्या. बोकड ओरडत आला. "थोरांचा हा अपमान! बुडाली, बाग बुडाली!" ओरडता ओरडता त्याने सवयीने कोंबाकडे तोंड नेले. नाकात काटे घुसले तसा तो मागे सरला.

नवे कोंब फुटत गेले तशी बुलबुलीण त्यांची टोके चोचीने ओढून भिंतीच्या फटींत अडकवत गेली. आषाढात पाला दाटला आणि तिने पुन्हा अंडी घातली. गेलेली अंडी काही परत आली नाहीत. ती कुठल्याच पाल्याने परत येत नसतात.

एके दुपारी कावळा भिंतीवर येऊन बसला आणि मान तिरकी करून वेल न्याहाळू लागला. तेवढ्यात काट्यांपलीकडून बोकड मोठ्याने म्हणाला, "मोठ्यांचा मान म्हणून काही उरला नाही या बागेत!"

बुलबुलिणीच्या चोचीत चांगले झणझणीत उत्तर आले होते. पण पोटाखाली अंडी उबदार होती. ती पाल्यात तशीच निश्चल बसून राहिली. थोड्या वेळाने कावळा उडून गेला.

तात्पर्य : जो कोवळे तेवढे खुडतो आणि वाळके तेवढे जपतो, तो वळण लावत नाही, चरतो. त्याचे वय विचारू नका. त्याच्या तोंडात काय आहे ते पाहा.