गाढवानं गोधडी खाल्ली

एक होतं घर. ओढ्याच्या काठी, पत्र्याचं. घराचं नाव आसरा.

आसऱ्यात कोण राहायचं? ज्यांना दुसरं घर नाही, ती सगळी जनावरं राहायची.

एक होता म्हातारा कुत्रा. त्याचं नाव शिपाई. त्याला एकच डोळा होता.

एक होतं गाढव. त्याचं नाव राजा. त्याला डोळे दोन होते, पाय चार होते. फक्त काम करायचा कंटाळा होता.

आणि एक होतं मांजराचं पिल्लू. एवढंसं. वाटीत मावेल एवढं. तिचं नाव तिळू. तिळूला म्याँव म्हणता येत नव्हतं. ती म्हणायची, "मिक."

या सगळ्यांना बायजाक्का सांभाळायची.

तिळूची एक गोधडी होती. गोदूआत्याने शिवलेली. गोदूआत्या गोधडी शिवायची, तेव्हा शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवायची आणि वरून टाके घालायची. गोधडी उपाशी ठेवायची नसते, म्हणायची. तिची आई असंच करायची. आईची आईही असंच करायची.

एक दिवस तिळू झोपेतून उठली. अंगाखाली गोधडी नव्हती. फरशी होती. गार गार फरशी.

शेजारी राजा उभा होता. काहीतरी चघळत होता. चघळ चघळ, चघळ चघळ. तोंडातून एक दोरा लोंबत होता.

"राजा, माझी गोधडी कुठे?"

"खाल्ली."

"का?"

"भाकरीचा वास आला."

"भाकरी तर एकाच कोपऱ्यात होती."

"कुठल्या, ते माहीत नव्हतं," राजा म्हणाला.

तिळूला फार वाईट वाटलं. दिवस थंडीचे होते. शेपूट कुडकुडलं. मिशा कुडकुडल्या. हुडहुड, हुडहुड.

बायजाक्काकडे दुसरं पांघरूण नव्हतं. तिने तिळूला पदरात घेतलं असतं. पण पदरात आधीच बदकाची पिल्लं बसली होती. ती म्हणाली, गोदूआत्याकडे जा. अंधार पडायच्या आत गोधडी मिळाली पाहिजे, नाहीतर फरशीवर निजावं लागेल.

तिळू निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

गोदूआत्या दारात बसली होती. एकटीच. ती नेहमी एकटीच बसायची.

"आत्या गं आत्या,
गाढवानं गोधडी खाल्ली,
तिळूची थंडी जाईना.
गोधडी शिवशील का?"

आत्याने चष्म्यावरून पाहिलं.

"मला मांजरं आवडत न्हाईत," ती म्हणाली. "पण गोधडी शिवीन. सुई हाय, दोरा हाय. लुगडं न्हाय. लुगडं आण, मग शिवते."

तिळू म्हणाली, "मिक." आणि निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

शेवंतावहिनी अंगण झाडत होती.

"वहिनी गं वहिनी,
आत्या गोधडी शिवेना,
गाढवानं गोधडी खाल्ली,
तिळूची थंडी जाईना.
लुगडं देशील का?"

वहिनी म्हणाली, "लुगडं हाय. जुनं हाय, मऊ हाय. पण ट्रंकेत हाय. ट्रंक माळ्यावर हाय. माझा हात पोचत न्हाय. शिडी आण, मग देते."

तिळूने वर पाहिलं. माळा फार उंच होता. तिळूचाही हात पोचत नव्हता.

तिळू म्हणाली, "मिक." आणि निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

सदूमामा अंगणवाडीची भिंत रंगवत होता. शिडीवर चढून पोपट काढत होता. पोपटाला अजून चोच नव्हती.

"मामा रे मामा,
वहिनी लुगडं देईना,
आत्या गोधडी शिवेना,
गाढवानं गोधडी खाल्ली,
तिळूची थंडी जाईना.
शिडी देशील का?"

मामा म्हणाला, "देतो की. पण मी शिडीवर हाय. आणि पोट रिकामं हाय. पोट रिकामं असलं की माझा पाय लटपटतो. लटपटत्या पायानं उतरायचं न्हाय, असं माझी आई सांगायची. भाकरी आण, मग उतरतो."

मामाचा पाय खरंच लटपटत होता. लटपट, लटपट. पोपटही जरा वाकडा झाला होता.

तिळू म्हणाली, "मिक." आणि निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

पारूताई चुलीपुढे बसली होती. तवा तापला होता. परात रिकामी होती.

"ताई गं ताई,
मामा शिडी सोडेना,
वहिनी लुगडं देईना,
आत्या गोधडी शिवेना,
गाढवानं गोधडी खाल्ली,
तिळूची थंडी जाईना.
भाकरी देशील का?"

ताई म्हणाली, "थापली असती. पण पीठ न्हाय. ज्वारीचा डबा सकाळपासनं गिरणीत पडलाय. पीठ आण, मग थापते."

ताईने तव्याकडे पाहिलं. तिळूनेही तव्याकडे पाहिलं. तवा नुसताच तापत होता.

तिळू म्हणाली, "मिक." आणि निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

गिरणीत इनूसचाचा हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यापुढे डबेच डबे होते. गिरणी बंद होती.

"चाचा ओ चाचा,
ताई भाकरी थापेना,
मामा शिडी सोडेना,
वहिनी लुगडं देईना,
आत्या गोधडी शिवेना,
गाढवानं गोधडी खाल्ली,
तिळूची थंडी जाईना.
पीठ द्याल का?"

चाचा हळूच म्हणाले, "शूऽऽ. वर बघ. दाणे ओतायच्या पेटीत उंदीर निजलाय. गिरणी लावली तर त्याचंच पीठ होईल. हलवलं तर जागा होईल. निजलेल्याला उठवू नये, पोरी. तो आपणहून उठला, की मग दळतो."

सकाळपासून चाचा असेच उभे होते. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

तिळू म्हणाली, "मिक." आणि पोत्यांवर चढली. एक पोतं, दुसरं पोतं, तिसरं पोतं. लुटुलुटु, लुटुलुटु.

पेटीत उंदीर होता. लठ्ठ होता. एक डोळा मिटून निजला होता. दुसरा उघडा होता.

"उंदीरदादा, उंदीरदादा,
चाचा पीठ दळेना,
ताई भाकरी थापेना,
मामा शिडी सोडेना,
वहिनी लुगडं देईना,
आत्या गोधडी शिवेना,
गाढवानं गोधडी खाल्ली,
तिळूची थंडी जाईना.
आता तरी उठशील का?"

उंदीर म्हणाला, "न्हाय. मांजर आलं की उंदरानं उठायचं. तसा रिवाज हाय. मांजर आण, मग उठतो."

"मीच मांजर."

उंदराने मिटलेलाही डोळा उघडला. तिळूला खालून वर पाहिलं. वरून खाली पाहिलं.

"तू माझ्यापेक्षा लहान हायेस."

"वाढतेय," तिळू म्हणाली.

"मग म्याँव म्हण."

"मिक."

"हे म्याँव न्हाय," उंदीर म्हणाला. आणि त्याने कूस बदलली.

तिळू तिथेच बसली. बाहेर ऊन उतरू लागलं होतं. तिला गार फरशी आठवली. रिकामी परात आठवली. लटपटता पाय आठवला. तिला रडू आलं. आधी नाकात आलं. मग गळ्यात आलं. मग ते बाहेरच आलं.

"म्याँऽऽऽव!"

डबे थरथरले. चाचांची टोपी वाकडी झाली. सगळ्यांत जास्त दचकली ती तिळूच.

"हे चालेल," उंदीर म्हणाला.

आणि उंदीर उठला. मिशा झटकल्या, शेपूट आवरलं आणि निघून गेला.

उंदीर उठला, चाचांनी गिरणी लावली. घर्रर्र, घर्रर्र. पीठ पडलं.

पीठ पडलं, ताईने भाकरी थापली. थप थप, थप थप. भाकरी फुगली.

भाकरी फुगली, मामाने खाल्ली. मचमच, मचमच. पाय लटपटायचा थांबला. मामा उतरला. शिडी सुटली.

शिडी सुटली, वहिनी वर चढली. खाटखुट, खाटखुट. ट्रंक उघडली. लुगडं निघालं.

लुगडं निघालं, तिळू ते घेऊन निघाली. लुगड्याचं एक टोक तोंडात, बाकीचं लुगडं मागे. लुटुलुटु, लुटुलुटु.

आत्याने लुगडं चाचपलं. मऊ होतं. सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "माझ्या खोलीत अंथरायला जागा न्हाय. आणि गोधडीला कोपरे चार. ते धरायचे कोणी?"

तिळूने मागे पाहिलं. मागे वहिनी उभी होती. ती लुगडं चिखलात पडू नये म्हणून आली होती. वहिनीमागे मामा होता. तो शिडी न्यायला आला होता, ती आता त्याच्या खांद्यावर होती. मामामागे ताई होती. तिला मामाकडून ताटली परत हवी होती. ताईमागे चाचा होते. ते ताईच्या उरलेल्या पिठाचा डबा घेऊन आले होते.

आत्याने पाहिलं. माणसं चार. कोपरे चार.

"चला आसऱ्यात," ती म्हणाली. "तिथली फरशी मोठी हाय."

सगळे आसऱ्यात गेले. बायजाक्काने फरशी पुसली. लुगडं अंथरलं. वहिनीने एक कोपरा धरला. मामाने एक धरला. ताईने एक धरला. चाचांनी एक धरला. मधे आत्या बसली. टाका, टाका, टाका. सुई चालली. सुईऽऽ, सुईऽऽ.

तिळू लुगड्यावर बसली.

"सर पोरी, सुई लागंल," आत्या म्हणाली.

तिळू सरकली. दुसरीकडे बसली.

"सर पोरी, सुई लागंल."

तिळू पुन्हा सरकली. आता लुगडं संपलं होतं. सरकायला एकच जागा उरली होती. तिळू तिथे बसली. आत्याने पुढचा टाका घातला.

शेवटचा कोपरा आला. मामाने ताटलीत एक घास राखला होता. आत्याने तो कोपऱ्यात ठेवला. तिकडे राजाने कान उभे केले.

चाचांनी विचारलं, या खेपेला घास नाही ठेवला तर चालेल का? आत्याने चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, ठेवा.

शेवटचा टाका पडला. गोधडी झाली. जाड झाली, मऊ झाली, पोटभर झाली.

बायजाक्काने हाक मारली. "तिळू, ये. गोधडी झाली."

तिळू आली नाही.

वहिनीने ट्रंकेत पाहिलं असतं, पण ट्रंक घरी होती. मामाने शिडीवर पाहिलं. ताईने पिठाच्या डब्यात पाहिलं. तिळू कुठेच नव्हती.

मग सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

आत्याच्या मांडीवर तिळू होती. गोल झाली होती. नाकावर शेपूट ठेवलं होतं. घुर्रर्र, घुर्रर्र. गाढ निजली होती.

"मला मांजरं आवडत न्हाईत," आत्या म्हणाली. अगदी हळू म्हणाली. मोठ्याने म्हटलं असतं तर तिळू जागी झाली असती.

बायजाक्का म्हणाली, मग उचलू का तिला?

"निजलेल्याला उठवू नये," आत्या म्हणाली. "उठंपर्यंत राहू दे."

सगळे थांबले. चहा आला. चहा संपला. ऊन गेलं. तिळू काही उठली नाही. मग काय करणार? आत्या तिला पदरात घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बायजाक्का विचारायला आली. तिळू उठली का?

"न्हाय," आत्या म्हणाली. "अजून निजलीय."

तिळू खिडकीत बसली होती. आत्याचा दोरा ओढत होती. बशीतलं दूध संपलं होतं.

बायजाक्काने तिळूकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. आत्या आज एकटी नव्हती. बायजाक्काला फार बरं वाटलं.

"बरं," ती म्हणाली. "निजू दे." आणि परत गेली.

नवी गोधडी शिपायाला मिळाली. शिपाई तिच्यावर एक डोळा उघडा ठेवून निजतो. त्याला एकच डोळा आहे. तो राजाकडे बघत असतो.

पारूताई आता रोज एक भाकरी जास्त थापते. ती राजाची. इनूसचाचा गिरणी बंद झाली की येतात, बदकांना सांडलेले दाणे घालतात. शेवंतावहिनी येते, झाडून जाते. सदूमामाने आसऱ्याच्या भिंतीवर एक गाढव काढलं. अंगणवाडीचा पोपट अजून चोचीची वाट बघतोय.

आणि तिळू? तिळूला गोधडी हवी होती. तिला मांडी मिळाली.

टाका घातला, गाठ मारली, दोरा तोडला, कट्. गोष्ट शिवून झाली.