थोडे देणारे इंजेक्टर

एकदा एका डोंगराळ खोऱ्यात सातापा नावाचा गृहस्थ राहत असे. पूर्ववयात त्याने शहरातल्या कारखान्यात बारा वर्षे लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, चालवले होते. वडिलांच्या पश्चात तो गावी परतला आणि एक जुनी पेट्रोल जीप घेऊन लोकांची ने-आण करू लागला. गावातून बाहेर पडायचे तर आधी खिंडीचा खडा चढ, मग तितकाच लांब उतार, आणि त्यापुढे तालुक्याचे गाव, असा तो रस्ता होता.

त्याच गावात सुंदराक्का नावाच्या अंगणवाडीच्या बाई होत्या. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे, आणि उरलेल्या दिवशी पुन्हा मुलांना गाणी शिकवावी, असा त्यांचा नेम होता. त्यांना नेण्या-आणण्याचे काम सातापाने आपणहून पत्करले होते.

एका गुरुवारी खिंडीच्या सर्वांत खड्या वळणावर जीप बंद पडली. जुन्या इंजिनात पेट्रोल आधी कार्बोरेटरच्या वाटीत साठते आणि तिथून हवेबरोबर आत ओढले जाते. गाडी फार तिरकी झाली की वाटीतले पेट्रोलही एका बाजूला जाते; मग इंजिन उपाशी तरी राहते, नाहीतर बुडते तरी. त्या दिवशी ते बुडाले. सातापाने दोन तास खटपट केली. त्या वेळात रस्त्याला दुसरे वाहन आले नाही. सुंदराक्कांची यंत्रावरची वेळ टळली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना धाप लागली, चेहरा सुजला, आणि रुग्णवाहिका बोलावून त्यांना न्यावे लागले. चार दिवसांनी त्या परतल्या. पुन्हा अंगणवाडीत जाऊ लागल्या.

सातापाला मात्र ते लागले. त्याने निश्चय केला की हा कार्बोरेटरच काढून टाकायचा आणि इंजिनाला इंजेक्टर बसवायचे. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी झडप; इंजिनाच्या चार घरांना, म्हणजे सिलिंडरना, एकेक. विजेचा इशारा मिळाला की ती क्षणभर उघडते, पेट्रोलचा फवारा सोडते आणि मिटते. तिथे वाटी नाही, त्यामुळे चढाचे भय नाही.

हे काम करायचे तर गुरू हवा. गावाच्या वेशीजवळ बाबालाल मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. चाळीस वर्षे त्यांनी पंप आणि इंजिने उघडली होती आणि आता सत्तरी ओलांडल्यावर मोजकेच काम हाती घेत. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांनी सातापाचे सगळे ऐकून घेतले आणि शेडची एक बाजू मोकळी करून दिली.

महिनाभर सातापा तिथेच असे. भंगारातल्या गाड्यांचे भाग आणून त्याने पेट्रोलची नळी बसवली, नवा पंप टाकीत सोडला, इशारे देणारी पेटी जोडली. शेवटी इंजेक्टर निवडण्याची वेळ आली. भंगारवाल्याकडे दोन संच होते. एक साध्या कौटुंबिक मोटारीतला; तिचे इंजिन जीपच्या इंजिनाएवढेच. दुसरा एका दांडग्या, वेगवान मोटारीतला. त्या झडपा पहिल्यांच्या दुप्पट पेट्रोल सोडत. सातापा दुसरा संच घेऊन आला.

"हेच का?" चाचांनी विचारले.

"चाचा, खिंड आहे. आक्का गाडीत असताना पेट्रोल कमी पडून चालायचं नाही. जास्त देणारं असलं म्हणजे काळजी मिटली."

चाचांनी एक इंजेक्टर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बसव," एवढेच ते म्हणाले.

इंजेक्टर बसले. माळावरच्या सरळ रस्त्यावर जीप अशी धावली की रस्त्याकडेला उभी असलेली माणसे पाहत राहिली. सातापाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. चाचा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "आता खिंडीकडे घे."

चढाच्या पायथ्याशी त्यांनी जीप थांबवायला लावली. ते खाली उतरले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "मी पुढं चालतो. तू माझ्या मागनं ये. मला ओलांडायचं नाही, क्लच दाबायचा नाही, बंद पडू द्यायचं नाही."

आणि तो वृद्ध मनुष्य रस्त्याच्या मधोमध, गुडघे सांभाळत, आपल्या चालीने चढ चढू लागला.

सातापाने सर्वांत हळू गिअर टाकला. इंजिनाचा आवाज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. जीप गचके देऊ लागली. मागून काळा धूर निघाला आणि वीस पावलांवर ती बंद पडली. त्याने पुन्हा सुरू केली. ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तेच झाले. गवताचे भारे घेऊन चाललेल्या दोन बायका थांबून हसल्या. सातापाला राग अनावर झाला.

"चाचा, माळावर हीच गाडी ऐंशीनं पळाली! तुम्ही तिला पायी चालवताय. असं कोण चालवतं?"

चाचा वळले नाहीत. "आक्काला खिंडीतनं नेताना तू ऐंशीनं नेतोस का?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारले.

सातापाने पुढच्या रस्त्याकडे पाहिले. वळणावर खड्डे होते, समोरून दगडाचे ट्रक येत, कधी गुरे आडवी असत. तिथे माणसाच्या चालीनेच जावे लागे, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

शेडमध्ये परतल्यावर चाचांनी चारही इंजेक्टर काढायला सांगितले. एका पट्टीत ते ओळीने अडकवले, खाली काचेच्या चार बारीक नळ्या ठेवल्या आणि पेट्रोलऐवजी तपासणीचे तेल सोडले. आधी चारही झडपा पूर्ण उघड्या ठेवल्या. नळ्या भराभर भरल्या, चारीत तेल सारख्या उंचीवर आले. सातापाने आशेने चाचांकडे पाहिले.

"आता फक्त उघडायचं आणि मिटायचं," चाचा म्हणाले. "पापणी लवायच्या किती तरी आत. असं हजार वेळा."

झडपा टिकटिक करू लागल्या. थांबल्यावर दोघांनी वाकून पाहिले. एका नळीत तेल बोटभर होते, दुसरीत त्याच्या निम्मे, तिसरीत दोहोंच्या मध्ये, आणि चौथीत तळाशी जेमतेम ओल होती.

मग चाचांनी फळीवरून कागदात गुंडाळलेला एक संच काढला. तो त्या साध्या मोटारीतला होता. भंगारवाल्याकडून तो त्यांनी केव्हा आणला हे सातापाला ठाऊक नव्हते. त्याचीही तीच तपासणी झाली. हजार फवाऱ्यांनंतर चारही नळ्यांत तेल एका रेषेत उभे होते.

"पण खिंडीत पूर्ण जोर लागला तर हे पुरतील?" सातापाने विचारले.

"तू हिशेब केलास ना? तूच सांग."

सातापाने मनातल्या मनात आकडे पुन्हा फिरवले. इंजिन सर्व शक्तीनिशी चालले तरी या झडपांना शंभरातले ऐंशी भाग वेळच उघडे राहावे लागणार होते. "पुरतात," तो म्हणाला. "वर थोडं शिल्लकही राहतं. हे मला आधीही कळलं होतं चाचा. तरी भीती वाटली."

चाचा स्टुलावर बसले. "सातापा, सगळं दार उघडून द्यायला झडपेला अक्कल लागत नाही. इंजिन दिवसातनं एखाद्या वेळी भरपूर मागतं. बाकी सारा वेळ ते थेंब मागतं, पण वेळेवर आणि चारी घरांना सारखा. मोठ्या झडपेला थेंब देता येत नाही. ती एका घराला बुडवते, दुसऱ्याला उपाशी ठेवते. तू झडप निवडलीस ती आपल्या भीतीकडं बघून. इंजिनाची भूक तू बघितलीच नाहीस."

सातापाने मान हलवली. त्याला वाटले, बोलणे संपले. पण चाचा पुढे म्हणाले, "आता इंजिन राहू दे. गेला महिनाभर आक्का रुग्णालयात कशी जाते?"

"एसटीनं."

"आणि फाट्यापर्यंत?"

सातापा पट्टीतले इंजेक्टर सोडवू लागला.

"दोन किलोमीटर चालत जाते. माझ्या शेडसमोरच्या दगडावर ती बसते, दम घेते, आणि पुढं निघते. तू आत नळ्या जोडत असतोस. तुझी मोटरसायकल ह्या भिंतीला टेकून उभी असते."

तेलाचा एक थेंब पट्टीवरून खाली पडला.

"मला तोंड दाखवायला लाज वाटत होती," सातापा हळू आवाजात म्हणाला. "वाटलं, जीप एकदा पक्की झाली की सगळंच भरून काढू."

"व्हय. आणि सगळं देता येईपर्यंत तू काहीच देत नव्हतास."

चाचांनी नळ्या पुसून ठेवल्या.

सोमवारी सकाळी सातापा सुंदराक्कांच्या दाराशी मोटरसायकल घेऊन उभा राहिला. त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि त्याला पाहून थबकल्या.

"झाली का रे जीप?"

"न्हाई आक्का. अजून पंधरा दिवस लागतील. आज फाट्यापर्यंत सोडतो."

त्या सावकाश मागे बसल्या. त्याने गाडी इतकी हळू चालवली की रस्त्याकडेची माणसे त्यांच्याशी दोन शब्द बोलू शकली. बस यायला अवकाश होता. तो परत फिरला नाही. त्यांच्याशेजारी थांब्यावरच्या कट्ट्यावर बसला.

"त्या गुरुवारचं..." त्याने सुरुवात केली.

"त्या गुरुवारी गाडी बंद पडली," सुंदराक्का म्हणाल्या. "गाडीच ती, पडायचीच. पण त्यानंतर तू रस्ता बदलून जायला लागलास, ते मला कळंना. मला वाटलं, माझंच ओझं झालं असंल तुला."

एवढा मोठा खटाटोप ज्यांच्यासाठी मांडला, त्यांना महिनाभर असे वाटत होते, हे सातापाच्या स्वप्नातही आले नव्हते. बस आली. त्याने पिशवी वर चढवून दिली आणि संध्याकाळच्या बसला तो पुन्हा फाट्यावर हजर राहिला.

पुढचे दोन आठवडे हा क्रम चालला. उरलेल्या वेळात जीपचे काम होई. लहान इंजेक्टर बसवताना सातापाने घाई केली नाही. प्रत्येकाच्या रबरी कड्या नव्या घातल्या, त्यांना तेलाचे बोट लावले, आणि प्रत्येक झडप हातानेच, किंचित फिरवत, आपल्या जागी बसवली. एक कडी चिरल्याचा संशय आला तेव्हा चाचांनी न सांगताच त्याने ती काढून टाकली. पंप सुरू करून घटकाभर थांबला, प्रत्येक जोडाजवळ नाक नेऊन वास घेतला, बोट फिरवून कोरडे आहे याची खात्री केली आणि मगच इंजिन सुरू केले.

खिंडीच्या पायथ्याशी चाचा पुन्हा खाली उतरले आणि पुढे चालू लागले. या वेळी जीप त्यांच्या मागून शांतपणे येत राहिली. पहिल्या वळणावर दम लागून त्यांची चाल मंदावली, तशी तीही मंदावली. त्यांनी पुन्हा चाल धरली, तशी तिनेही धरली. माथ्यावर पोहोचल्यावर ते आत येऊन बसले.

त्यानंतरच्या गुरुवारी सुंदराक्का जीपने तालुक्याला गेल्या. खड्या वळणावर दगडाचा एक ट्रक रुतला होता, त्याच्या कडेने रांगतच जावे लागले. सातापा त्या वेळी त्यांच्याकडून अंगणवाडीतल्या एका नव्या मुलीची हकीकत ऐकत होता. ती मुलगी कोणाशीच बोलत नसे. आक्का रोज तिच्यापाशी पाच मिनिटे नुसत्या बसत आणि आता तिने आपले नाव सांगितले होते. वळण केव्हा मागे पडले ते दोघांच्याही ध्यानात आले नाही.

संध्याकाळी तो शेडवर गेला. चाचा एका पंपाचे झाकण घासत बसले होते.

"कशी चालते जीप?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"हळू चालते, चाचा," सातापा म्हणाला.

चाचांनी घासणे थांबवले, त्याच्याकडे एकवार पाहिले आणि स्टूल त्याच्यासाठी पुढे सरकवले.