तोरस्करांचा फक्कड चहा

आमच्या वाढीव खोलीचं लाकडी छत खालून उघडंच राहणार होतं. त्याला आग न धरणारा लेप लावल्याचं ठेकेदार तोरस्करांनी छाती ठोकून सांगितलं. खाली ताईचं बाळ निजणार, म्हणून मी भीतभीतच म्हटलं, "काका, एकदा तपासायचं का?"

"कॉलेजात सुतारकी शिकवतात वाटतं? अगं, या लाकडाला वणवासुद्धा शिवायचा नाही."

मी गुपचूप परसातल्या चुलीवर चहा करून आणला.

"वा, फक्कड उकळलाय," तोरस्कर म्हणाले.

"उकळणारच, काका. तुमचे छताचे उरलेले, लेप दिलेले तुकडेच चुलीत घातले. एका काडीत पेटले."

तोरस्करांनी कप खाली ठेवला. दोन दिवसांनी ते नवा लेप दिलेले तुकडे घेऊन आले आणि स्वतःच चुलीपाशी बसले. त्या दिवशी चहा काही उकळला नाही. छताला तोच लेप लागल्यावर ताईने खोलीत पाळणा बांधला.