पाठकोरे कागद

"…मग 'जळून जाणं' ठेवू, की 'विझणं', लुआंग पो?"

अनुवतनं कागद पुढे केला. त्यावर पाच थाई शब्द सुबक अक्षरात लिहिले होते.

नान शहराबाहेरचा छोटा विहार. लुआंग पो, म्हणजे तिथले थोरले भिक्खू. त्यांनीच अनुवतला लहानपणी अक्षरं शिकवली होती. आता तो विद्यापीठात शिकवायचा. अभ्यासानं पार पिचलेली मुलं ओळखण्यासाठी परदेशात एक प्रश्नावली केलेली होती, ती तो थाईत आणत होता. त्या पिचण्याला नेमका शब्द तेवढा ठरायचा होता. माणूस हुशार, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याची विद्यार्थिनी मालिवन हिनं जीव दिला, त्याला आज शंभर दिवस झाले होते. तिच्या नावानं दानाचा विधी नुकताच आटोपला होता. तिची आई मागच्या पडवीत ताटं विसळत बसली होती. राहू द्या म्हटलं तरी ऐकत नव्हती.

"मुलं कोणता शब्द वापरतात?" लुआंग पोंनी विचारलं.

"मुलांना विचारलं नाही. शब्द तज्ज्ञ ठरवतात. मुलांनी फक्त खुणा करायच्या." अनुवतचा आवाज जरा खाली आला. "सहा महिन्यांपूर्वी चाचणी घेतली. तीनशे बारा मुलं. आकडे चोख आले. प्रश्नावली तेव्हाच तयार असती तर मालिवन हाताला लागली असती…"

"तिनं भरली होती?"

"तिच्या वर्गात वाटली होती. नावं घेत नाही आम्ही. फक्त वर्ग लिहितो."

लुआंग पोंनी हातातला कागद उलटा केला. मागे छापील प्रश्न होते. पंधरा प्रश्न, पंधरा खुणा. सगळ्या एकाच रकान्यात.

"हे काय?"

"बाद केलेल्यांपैकी आहे. नऊ निघाले तसे. पाठकोरे आहेत, म्हणून टिपणांना वापरतो."

"बाद का?"

"सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर. म्हणजे मुलानं वाचलंच नाही, नुसतं उरकलं. तसा नियमच आहे."

"या रकान्यावर काय लिहिलंय? माझा चष्मा आत राहिला."

अनुवत वाकला. "'रोज'."

"आणि पहिला प्रश्न?"

"'अभ्यासानं मला आतून रिकामं केलंय.'"

"दुसरा?"

अनुवतचं बोट 'रोज'च्या रकान्यावरून शेवटच्या खुणेपर्यंत खाली सरकलं.

पडवीत ताटावर ताट ठेवल्याचा आवाज झाला.

त्यानं पिशवी ओढली. उरलेले आठ कागद काढून एकेक उलटा केला. प्रत्येकावर तोच रकाना. त्यातल्या दोनांवर मालिवनचाच वर्ग लिहिलेला. एकाच्या पाठीमागे त्यानं वाण्याकडची यादी लिहिली होती. ती दिसली आणि त्याला रडू आवरेना.

"यात तिचा कागद आहे का, लुआंग पो? मला कसं कळणार?"

लुआंग पोंचेही डोळे भरून आले होते. मग त्यांनी कागद गोळा केले, खुणांची बाजू वर करून नीट जुळवले आणि अनुवतच्या हातात दिले.

"तिचा असला, तर आठ मुलं उरलीत. नसला, तर नऊ… तू अजून बसून आहेस?"