पोट भरलेल्या कोळंब्या

एकदा एक सुक्यामेव्याचे व्यापारी होते. त्यांच्या घरातून कोणी रिकाम्या हाताने परत गेल्याचे ऐकिवात नाही. विजेचा मीटर पाहायला आलेल्या माणसाच्या तळहातावरही ते चार बदाम ठेवत आणि ते खाऊन होईपर्यंत त्याला हलू देत नसत. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तीत मासे होते, जिवंत प्रवाळे होती, आणि मधोमध हिरव्या-सोनेरी रंगाचे एक प्रवाळ होते. शेठजींचा जीव त्या प्रवाळावर. सात वर्षांपूर्वी त्यांनी नखाएवढा तुकडा आणला होता, तो आता ताटाएवढा झाला होता.

या प्रवाळाच्या कडेला कुठूनशी तपकिरी समुद्रफुले उगवली. नावाला फुले, पण खरे तर खडकाला चिकटून राहणारे प्राणी; दिसायला नाजूक, स्वभावाने भांडकुदळ. शेजाऱ्याला डंख मारायचा आणि त्याची जागा बळकावायची, एवढाच त्यांचा उद्योग. महिन्याभरात प्रवाळाची एक कड पांढरी पडली आणि शेठजींचे जेवणावरचे लक्ष उडाले.

शहरात अशा टाक्यांची देखभाल करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी आपल्या शिष्याला पाठवले. शिष्य हुशार होता आणि बहुतेक हुशार माणसांप्रमाणे घाईतही होता. त्याने पात्याने समुद्रफुले खरवडून काढली. खरवडलेल्या कणाकणातून नवी उगवली. मग त्याने इंजेक्शनच्या सुईने एकेका फुलाच्या तोंडात दाट चुना सोडला. समोरची मेली, खडकाच्या फटीतली उरली आणि आठवड्यात पुन्हा वर आली. शेवटी त्याने लाल पट्ट्यांच्या सहा कोळंब्या आणून सोडल्या. ही कोळंबी समुद्रफुले खाते, हे शास्त्र त्याला मुखोद्गत होते. कोळंब्यांना मात्र ते कोणी सांगितलेले नसावे. पंधरा दिवसांत कोळंब्या गुबगुबीत झाल्या, समुद्रफुले दुप्पट झाली आणि प्रवाळाचा तिसरा हिस्सा पांढरा पडला.

"अण्णा, आता जालीम औषध टाकतो," शिष्य काकुळतीला येऊन म्हणाला. "नाहीतर ते प्रवाळ हातचं जाईल."

"उद्या मीच येतो," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले आणि टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. सकाळभर त्यांनी पाण्याला हात लावला नाही. दोनदा चहा झाला. शेठजींनी आग्रह करकरून दिलेले अंजीर त्यांनी निमूटपणे खाल्ले. दरम्यान देवपूजा आटोपून शेठजींनी टाकीत खाद्याची एक चिमूट टाकली. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी आल्या आणि "सकाळपासून बिचाऱ्यांच्या पोटात काही नाही" असे म्हणत त्यांनी दुसरी टाकली. सूनबाईंनी ऑफिसला निघता निघता तिसरी टाकली. शेजारचे आजोबा पेपर परत द्यायला आले होते, त्यांनीही जाता जाता चौथी टाकली.

तेव्हा कुठे अण्णा उठले. शिष्याला वाटले, आता औषध मागतील. अण्णांनी खाद्याचा डबा उचलला, आपल्या पिशवीत घातला आणि पायात चपला सरकवल्या.

"चार दिवसांनी येतो. तोवर टाकीत कोणी काही टाकायचं नाही."

शेठजींचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या घरात कोणी उपाशी राहायचं?"

"मासे चार दिवस मजेत राहतील, शेठ. उपास घडणार आहे तो तुम्हाला."

ते चार दिवस शेठजींनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. टाकीत टाकण्यासाठी म्हणून दोनदा त्यांचा हात बदामांच्या बरणीकडे गेला, आणि दोन्ही वेळा पत्नीने पाहिले.

चौथ्या दिवशी अण्णा शिष्याला घेऊन आले, तेव्हा शेठजी टाकीला नाक लावून उभे होते. आत एक कोळंबी एका समुद्रफुलाला चिमट्यात धरून ओढत होती. डंख बसला की मागे सरे, पुन्हा पुढे येई. लहान समुद्रफुले बरीच नाहीशी झाली होती. प्रवाळावरची पांढरी रेघ होती तिथेच थांबली होती.

"मी तीनदा येऊन गेलो," शिष्य ओशाळून म्हणाला. "तिन्ही वेळा पाण्यात बघितलं. पाण्यावरच्या हातांकडे एकदाही नाही."

"तुझा उपाय चुकीचा नव्हता रे," अण्णा म्हणाले. "पण आयतं पुढ्यात पडत असताना डंख सोसून शिकार करायला कोण जाईल? आणि उरलेलं खाद्य जात होतं कुठे? खडकाच्या फटीत, त्या समुद्रफुलांच्याच तोंडी. शेठ शत्रूला पोसत होते आणि मित्राला आळशी करत होते, तेही एकाच चिमटीत आणि अगदी मनापासून. मोठी फुलं तुझ्या चुन्यानंच जातील, त्याला दोन-तीन महिने लागतील. पण आधी वाढणारा हात आवरायला हवा. भूक ज्याची त्याची असते. आपण ती वेळेआधी भागवली, की तिच्यामुळे झालं असतं ते कामही आपणच हिरावून घेतो."

तेवढ्यात शेठजींचा फोन वाजला. दुकानातून मुलगा बोलत होता. चौतीस वर्षांचा, दहा वर्षे दुकानात बसणारा मुलगा. अक्रोडाचे दोन नमुने आले आहेत, कोणता घेऊ, असे तो विचारत होता. असा काही ना काही प्रश्न रोज येई, आणि प्रश्न पुरा होण्याआधी शेठजींचे उत्तर तयार असे. आजही ते ओठांवर आले होते. त्यांची नजर टाकीकडे गेली.

"दोन्ही चाखून बघितलेस?"

"बघितले, बाबा."

"मग तूच ठरव."

"मी?"

"हो, तू. आणि कोणता घेतलास ते मी विचारणार नाही."

शेठजींनी फोन पालथा ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. अण्णा मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिले. संध्याकाळी मुलगा घरी आला, तो कधी नव्हे एवढा बोलत होता. शेठजींनी सारे ऐकून घेतले, पण अक्रोडाचे नाव काढले नाही.