पिंपळखळ्याचा टेन्थ

पिंपळखळ्यात सुगीला धान्य मोजताना मापाडी नवापर्यंत नीट मराठीत मोजतो आणि दहाव्या मापाला 'टेन्थ' म्हणतो. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा तसंच म्हणते. पाहुण्यांना हसू येतं. खुशाल हसावं, पण गोष्ट ऐकून झाल्यावर अजून कुणी हसलेलं नाही.

हा साहेबाचा शब्द गावात आला तो बहिरू मापाड्याच्या काळात. खळ्यावरचं सगळं धान्य मोजायचं ते त्यानेच, आणि त्याच्या मापाबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. त्या काळी इथली रीत अशी, की पहिलं माप देवाचं. त्याला 'लाभ' म्हणायचं आणि ते गणतीत धरायचं नाही. एक म्हणायचं ते त्याच्या पुढच्या मापाला.

एका वर्षी गावच्या विहिरीत एक गोरा शिपाई मेलेला सापडला. कुणी मारला हे गावालाही ठाऊक नव्हतं, असं सांगतात. कप्तान पलटण घेऊन आला. त्याने दुभाष्याकरवी हुकूम दिला, की पुरुषांनी देवळापासून एका ओळीत उभं राहावं, दहावा फासावर जाईल. ओळ कशी लावायची ते गावाने बघावं.

सगळ्यांनी बहिरूकडे पाहिलं. त्याने फार विचार केला नाही म्हणे. साठी उलटली होती. दहावा आपणच व्हायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं. देवळाच्या गुरवाला त्याने पहिला उभा केला, पाठीवर हात ठेवून 'लाभ' म्हणाला आणि पुढच्यापासून एक, दोन मोजत गेला. नववा म्हणून त्याने आपला एकुलता मुलगा तुळाजी घेतला. शेवटच्या घडीला पोराचा हात हातात असावा, एवढीच त्याची हाव. मग शेजारी तो स्वतः उभा राहिला.

कप्तान छडीने एकेकाला टोचत आपल्या भाषेत मोजत आला. छडी तुळाजीच्या छातीवर थांबली. "टेन्थ!"

"म्हणजे दहावा," दुभाषी म्हणाला.

बहिरू चक्क हसला. "सायेब चुकलं. ह्यो नववा. दहावा म्या हाय."

कप्तानाने पुन्हा मोजलं, सावकाश. छडी तिथेच थांबली.

"गुरवाला धरलं नाहीस तू," दुभाषी हळूच म्हणाला.

"त्यो देवाचा लाभ! त्यो मोजत न्हाईत!" बहिरू ओरडला, पाया पडला, दोर आपल्या गळ्यात ओढायला धावला. शिपायांनी त्याला ओढून बाजूला केलं. दिलेला हुकूम फिरवील तो कप्तान कसला! तुळाजी एवढंच म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. तुमचं काय चुकलं न्हाई."

पुढच्या सुगीला मोजताना नवानंतर बहिरूच्या तोंडून 'दहा' निघेना. निघाला तो साहेबाचा शब्द. गावाने तो तसाच ठेवला. लाभ म्हणणंही त्याने सोडलं. त्याची बायको सगुणा फासाविषयी कधी बोलली नाही. मरेपर्यंत तिने नवऱ्याला एकच विचारलं, "तुमच्या शेजारी त्याला हुबं कुनी केलं?"

आजही पिंपळखळ्यात बाप-लेक रांगेत शेजारी-शेजारी उभे राहत नाहीत. रेशनचं दुकान असो की मतदान, मध्ये एखादा परका माणूस घेतात. तसा कुणी मिळेपर्यंत लेक बाहेर थांबतो.