पांढरा ठिपका

"सर, आता तरी मुजावरबाईंचं कौतुक थांबवाल का?"

डॉ. पराग उगलेंनी सीटी स्कॅनची फिल्म खांबेटे सरांच्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. या कॅन्सर हॉस्पिटलात उगले आणि डॉ. मुजावर, दोघांनाही सरांनीच घडवलेलं.

सर चहात बिस्किट बुडवत होते.

"काय झालं?"

"बाईंचे ते पेशंट, पाटणे. जठरातल्या गाठीवर पहिलं औषध चालेना, म्हणून बाईंनी दुसरी गोळी दिली. गाठ वाढायची थांबली, तर केवढा गाजावाजा! भर मीटिंगमध्ये बाईंची पाठ थोपटलीत. माझी कधी थोपटलीत?"

"नाही... मग?"

"मग हे बघा." उगलेंनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "गाठ तेवढीच, कबूल. मेलीय, म्हणून काळी दिसते. पण आत हा पांढरा ठिपका? एवढी गाठ जिवंत आहे. हिच्यावर ही गोळीही चालत नाही. आणि बाईंना दिसलंच नाही!"

आनंद नुसता ओसंडत होता. तिकडे पाटण्यांचा जीव टांगणीला आणि हा गडी खूश! जळफळाट माणसाचं काय करेल, सांगता येत नाही.

सरांनी ठिपका निरखला.

"जोंधळ्याएवढा आहे रे. शाब्बास. किती वेळ बघत होतास?"

"दोन तास."

सरांनी फोन उचलला. "मुजावर, पाटण्यांची गोळी बदलावी लागणार. लगेच ये."

फोन ठेवला.

"तुझ्या हौसाबाईंनाही हीच गोळी ना?"

"हो. उत्तम चाललंय. रिपोर्टमध्ये आहे, गाठ आहे तेवढीच."

"आणि फिल्म? बघितलीस?"

"रिपोर्ट वाचला, सर."

सरांनी ढिगातून हौसाबाईंची फिल्म काढून उगलेंच्या हातात दिली आणि खिडकीकडे बोट केलं.

उगलेंनी ती उजेडात धरली. काळ्या गाठीत पांढरा ठिपका. बोराएवढा. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

बाहेर बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. आपल्या डॉक्टरांसाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या होत्या.

"सर, मी... आत्ताच त्यांना..."

"जा. आधी त्यांना सांग."

उगले दारापर्यंत गेले.

"आणि पराग, उद्यापासून तुझे सगळे पेशंट मुजावरच्या नावावर लावू. म्हणजे नीट बघशील."